सोलापूरच्या मुस्लिम राजकारणासाठी पॉल ब्रास का आणि कसे वाचावेत

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. सोलापूर विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे आणि विषय आहे 1990 नंतरचं शहरातलं मुस्लिम राजकारण. मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, 'आधी पॉल ब्रास वाचा.' तिची शंका अशी की हे गृहस्थ अमेरिकी, आयुष्यभर उत्तर प्रदेशावर लिहीत राहिले, इस्लामचे अभ्यासकही नव्हेत. मग सोलापूरसाठी त्यांचा उपयोग काय, आणि या क्षेत्रात त्यांचा एवढा प्रभाव का मानतात?

मार्गदर्शकांनी सांगितलं ते बरोबर आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, प्रबंध तपासले. आपल्याकडचे या विषयावरचे प्रबंध साधारण एकाच जागी अडतात. 'समाज मागास आहे म्हणून असं मतदान करतो', नाहीतर 'धर्म असं सांगतो म्हणून असं वागतो.' या दोन वाक्यांतून बाहेर कसं पडायचं, हे ब्रास यांच्याइतकं स्पष्ट फार कमी जणांनी दाखवलं. त्यांची उत्तरं सोलापूरला जशीच्या तशी लागू करायला जाल तर फसाल. त्यांचे प्रश्न मात्र इथे चांगले चालतात.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म 1936, निधन 2022. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते राज्यशास्त्र शिकवत. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ते उत्तर प्रदेशात आले तेव्हा भारतीय राजकारणावरचं बहुतेक लेखन दिल्लीत बसून होत असे: नेहरू, संविधान, पंचवार्षिक योजना. ब्रास जिल्ह्यांत गेले. अलीगढ, मेरठ, कानपूर, देवरिया आणि गोंडा अशा पाच ठिकाणची काँग्रेस त्यांनी आतून पाहिली आणि 1965 साली त्यावरचं पुस्तक आलं. काँग्रेस म्हणजे एक पक्ष नसून गटातटांची सतत बदलणारी जुळणी आहे, आणि ती जिल्ह्यात बसूनच कळते, हे त्यांनी दाखवलं. राज्य हा घटक घेऊन राजकारण अभ्यासायची पद्धत आज आपल्याला सवयीची वाटते. ती रुळवणाऱ्या पहिल्या पिढीत ते होते.

तुमच्या कामाचं खरं पुस्तक मात्र 1974चं: उत्तर भारतातली भाषा, धर्म आणि राजकारण यांवरचं. ते सावकाश वाचा. त्यात तीन उदाहरणं शेजारी शेजारी मांडली आहेत. बिहारमध्ये मैथिली बोलणारे लोक आहेत. भाषा वेगळी, साहित्य जुनं, विद्यापतीपासूनची परंपरा, आणि तरीही मैथिलीच्या नावावर मोठं राजकारण कधी उभं राहिलं नाही. उत्तर प्रदेशात हिंदू आणि मुसलमान यांच्या रोजच्या बोलण्यात फारसा फरक नव्हता, पण उर्दू आणि हिंदी या दोन झेंड्यांखाली दोन समाज एकमेकांसमोर उभे राहिले. पंजाबात शीख नेतृत्वाने धर्म, गुरुमुखी लिपी आणि पंजाबी भाषा यांची मोट बांधली आणि 1966 साली पंजाबी सुभा, म्हणजे पंजाबी भाषकांचं राज्य, मिळवला. म्हणजे वेगळेपण असलं की राजकारण होतंच असं नाही, आणि जिथे वेगळेपण थोडं आहे तिथेही राजकारण पेट घेऊ शकतं. मग मधली गोष्ट काय?

ब्रास यांचं उत्तर असं: समाजातले पुढारलेले गट आपसात स्पर्धा करत असतात, आणि त्या स्पर्धेत ते काही चिन्हं निवडतात. भाषा, लिपी, गाय, शरियत, इतिहासातला एखादा प्रसंग. एक चिन्ह मुख्य धरून बाकीची त्याच्याशी जुळवत नेली की 'आम्ही' आणि 'ते' यांच्यातली रेघ जाड होत जाते. मागासलेपणाच्या सिद्धांताला त्यांनी इथेच धक्का दिला. ब्रिटिश काळातल्या संयुक्त प्रांतातले मुसलमान लोकसंख्येने सातवा हिस्सा होते, पण शहरांत, शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत त्यांचं प्रमाण त्याहून बरंच जास्त होतं. म्हणजे वेगळेपणाच्या राजकारणाचं नेतृत्व तिथे मागासांनी केलं नाही. आपलं स्थान निसटतंय असं वाटणाऱ्या वरच्या थरानं ते केलं.

1979च्या एका निबंधात त्यांनी हे आणखी पुढे नेलं. मुस्लिम नेतृत्वसुद्धा एक नव्हतं, हे त्यांनी उलगडून दाखवलं. उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, शरियत आणि धार्मिक संस्था राखायच्या होत्या. तेवढं राहणार असेल तर त्यांना काँग्रेसबरोबर जाण्यात अडचण नव्हती, आणि त्यांच्यातले बरेच गेलेही. अलीगढच्या परंपरेतल्या, इंग्रजी शिकलेल्या वर्गाला सत्तेत वाटा हवा होता, म्हणून त्यांचं चिन्ह होतं स्वतंत्र राजकीय समाज. धर्म तोच, ग्रंथ तोच, पण दोन गटांनी त्यातून दोन वेगळ्या गोष्टी उचलल्या. इस्लामी राजकारणाच्या अभ्यासावर ब्रास यांचा परिणाम झाला तो इथे. 'इस्लाम राजकारणाबद्दल काय सांगतो' या प्रश्नाच्या जागी 'कोण, कोणाशी स्पर्धा करताना, इस्लाममधलं नेमकं काय पुढे आणतो' हा प्रश्न आला. पुढे पाकिस्तान, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांवर लिहिणाऱ्या कितीतरी अभ्यासकांच्या कामात हाच प्रश्न भेटतो, मग त्यांनी ब्रास यांचं नाव घेतलेलं असो वा नसो.

या मांडणीला सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासकार फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी घेतला. योगायोग असा की संयुक्त प्रांतातल्या मुस्लिम राजकारणावरचं त्यांचं पुस्तकही 1974चंच. 1977 साली दोघांचा वाद छापून आला, आणि 1979च्या एका संग्रहात दोघांचे निबंध एकत्र आले. रॉबिन्सन यांचं म्हणणं, पुढारी चिन्हं निवडतात हे खरं, पण ती निवडण्याआधी पुढारी स्वतः त्याच विचारांत वाढलेले असतात. उम्मत, म्हणजे सगळ्या मुसलमानांचा मिळून एक समाज, ही कल्पना, आपण एक आहोत ही भावना, कोणीतरी सोयीसाठी बाहेरून आणून चिकटवलेली नसते. माणसाला काय शक्य वाटतं, काय करणं योग्य वाटतं, हेच ती ठरवते. ब्रास यांनीही लोकांच्या श्रद्धा पुढाऱ्यांच्या निवडीला मर्यादा घालतात हे मान्य केलं होतं. मतभेद होता तो कशाला किती वजन द्यायचं याचा.

हा वाद प्रबंधात 'दोन दृष्टिकोन' असा मथळा देऊन दोन पानांत उरकू नका, एवढी कळकळीची विनंती. मला स्वतःला राजकीय हालचालींच्या बाबतीत ब्रास पटतात आणि ती हालचाल लोकांच्या मनात का रुजते याबाबत रॉबिन्सन. नमाजाला रोज जाणाऱ्या माणसाची श्रद्धा ही कोणाच्या तरी डावपेचाचा भाग आहे असं गृहीत धरून त्याच्याकडे मुलाखतीला गेलात तर तो तुमच्याशी मोकळं बोलणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नसेल.

आता सोलापूर. पहिली गोष्ट, इथे उत्तर प्रदेशासारखा जमीनदार आणि नोकरशहांचा मुस्लिम वरचा थर कधी नव्हता. इथले मुसलमान प्रामुख्याने कारागीर, विणकर, छोटे व्यापारी, कामगार: मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, मुलाणी, पिंजारी. भोवती तेलुगू बोलणारे पद्मशाली, कन्नड बोलणारे लिंगायत, मराठी बोलणारे बाकी सगळे. शहरात एकच बहुसंख्य भाषक गट समोर उभा आहे असं चित्र नाही. मागण्यांचं राजकारणही म्हणूनच वेगळं झालं. ब्रास यांनी 1974च्याच पुस्तकात दाखवलंय की केंद्र सरकार प्रादेशिक मागण्या काही अलिखित नियमांनी तोलत असे. फुटून निघण्याची भाषा चालणार नाही, धर्माच्या नावावर प्रांत मिळणार नाही, मागणीला लोकांचा भक्कम पाठिंबा दिसला पाहिजे, आणि बहुभाषिक राज्याची विभागणी हवी असेल तर एकाच बाजूची मागणी पुरणार नाही. हे नियम हातात धरून सीमाप्रश्न वाचा. महाजन आयोगाने 1967 साली दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडचा भाग कर्नाटकाला सुचवला होता. त्या वादात इथल्या मुस्लिम पुढाऱ्यांनी भाषेच्या बाजूने काय भूमिका घेतली, यावर कोणी नीट काम केलेलं माझ्या पाहण्यात नाही. एक प्रकरण तुमच्यासाठी तिथे तयार आहे.

चिन्हांच्या निवडीचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र शहराच्या मधोमध आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांना फाशी झाली. त्याआधीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. चौघे वेगवेगळ्या समाजांतले, चौघांची नावं एका दमात घेतली जातात, पुतळेही एकत्र. ब्रास यांनी जिथे चिन्हं समाज तोडताना पाहिली, तिथे सोलापुरात एक चिन्ह समाज जोडणारं म्हणून निवडलं गेलं आणि टिकलं. ते आपोआप झालं असं समजू नका. कोणी ठरवलं, कुठल्या वर्षांत, पुतळ्यांच्या उद्घाटनाला कोण होतं, भाषणांत कुर्बान हुसेन यांच्याबद्दल नेमकं काय बोललं गेलं, कुठल्या पक्षाच्या काळात त्यांचं नाव जास्त घेतलं गेलं आणि कुठल्या काळात फक्त यादीत उरलं? हे सगळं छापील कागदांत सापडतं. चिन्हं जोडतातसुद्धा, आणि जोडणाऱ्या चिन्हामागेही निवड असते, हे तुम्ही दाखवू शकलात तर ब्रास यांच्या मांडणीत खरी भर पडेल.

दुसरं चिन्ह याच्या उलट दिशेने काम करतं: रझाकार, म्हणजे हैदराबाद संस्थानात मजलिस या पक्षाने उभी केलेली सशस्त्र स्वयंसेवकांची फौज. स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर ब्रिटिश मुंबई प्रांतात आणि शेजारचे तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापूरहूनच नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली. त्यामुळे ती आठवण इथल्या अनेक घरांत आहे. आता मजलिसचा, म्हणजे आजच्या एमआयएमचा, प्रवास पाहा. हैदराबादेत 1927 साली सुरू झालेला, 1957-58च्या सुमाराला पुन्हा उभा राहिलेला पक्ष 2014 आणि 2019 साली सोलापूर शहर मध्य मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर राहतो, आणि 2017च्या महापालिकेत 102 पैकी 9 जागा घेतो. प्रचारात लगेच 'रझाकार' हा शब्द ऐकू येतो. इथे दोन्ही बाजूंची निवड तपासायची आहे. विरोधक 1948 का उचलतात हे एक. आणि मजलिसला साथ देणारा नई जिंदगी किंवा शास्त्रीनगर या वस्त्यांतला तरुण हैदराबादचा इतिहास ऐकून तिकडे गेला, की काँग्रेसने प्रभागात उमेदवारी नाकारल्याचा राग होता, की गटार आणि पाण्याच्या प्रश्नावर ऐकून घेणारं कोणीतरी हवं होतं, हे दुसरं. ब्रास यांनी 1965 साली काँग्रेसमधले गट जसे पाहिले तसेच इथले नाराज गट पाहा. धर्म शोधायला निघालात तर फक्त धर्मच सापडेल.

दंगलीच्या अभ्यासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ब्रास यांचं नाव आज सर्वांत जास्त त्यासाठीच घेतलं जातं. अलीगढवर चार दशकं नजर ठेवून त्यांनी 2003 साली मांडलं की जिथे दंगली वारंवार होतात तिथे त्यांची एक बसलेली यंत्रणा असते: तणाव तेवत ठेवणारे, किरकोळ भांडणाला जमातीचं भांडण बनवणारे, वेळ येताच गर्दी आणणारे, आणि नंतर 'उद्रेक झाला' असं सांगून जबाबदारी धुसर करणारे. या शेवटच्या टप्प्यात ते पत्रकारांना आणि अभ्यासकांनाही सोडत नाहीत. त्याच्या एक वर्ष आधी राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी वेगळं म्हटलं होतं. जिथे हिंदू-मुसलमान एकाच संघटनेत, व्यापारी मंडळात, युनियनमध्ये बांधलेले असतात, तिथे अफवा विझते. त्यांनी सहा शहरांच्या तीन जोड्या तपासल्या, आणि शिवाय भिवंडीचं उदाहरण दिलं. 1970 आणि 1984 साली होरपळलेली ती यंत्रमागांची भिवंडी, पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकारातून मोहल्ला समित्या बसल्यावर 1992-93 साली शांत राहिली.

सोलापूरला ऑक्टोबर 2002 मध्ये हिंसाचार झाला. जेरी फॉलवेल या अमेरिकी धर्मोपदेशकाने तिकडच्या दूरचित्रवाणीवर पैगंबरांबद्दल काढलेले उद्गार हे निमित्त. त्याच्या निषेधाच्या बंदला हिंसक वळण लागलं, माणसं मेली, संचारबंदी लागली. ते उद्गार जगभर ऐकले गेले, भारतातल्या शेकडो गावांत निषेध झाला असेल. माणसं सोलापुरात का मेली? हा ब्रास यांचा प्रश्न आहे, आणि धर्मभावना दुखावल्या एवढं उत्तर त्याला पुरत नाही. पण म्हणून अलीगढसारखी यंत्रणा इथे होतीच असंही धरून चालू नका. पुरावा नसताना ते लिहिणं म्हणजे जिवंत माणसांवर आरोप करणं. बंदची हाक कोणी दिली, कुठल्या चौकात काय झालं, पोलीस कधी पोचले, दुसऱ्या दिवशी कुठल्या वर्तमानपत्राने काय मथळा दिला, असा तासातासाचा तक्ता करा. आणि वार्ष्णेय यांच्या बाजूनेही विचारा: त्या दिवशी शहराचा कुठला भाग शांत राहिला, आणि का?

तो शांत राहिलेला भाग शोधताना विडी कामगार बायकांकडे जा. ब्रास यांच्या लेखनातली मला सर्वांत खटकणारी उणीव ही की त्यात स्त्रिया जवळजवळ नाहीत. सोलापुरात ती उणीव परवडणारी नाही. इथे पद्मशाली आणि मुसलमान बायका एकाच कंपनीच्या ब्रँचमध्ये पानं-तंबाखू घेतात, घरी विड्या वळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत माल जमा करतात. चेकरने विड्या छाट केल्या, म्हणजे नापास ठरवल्या, की दोघींचेही पैसे कापले जातात. या भांडणातून लाल बावट्याची युनियन उभी राहिली, तिचे नेते नरसय्या आडम तीनदा विधानसभेत गेले, कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत झाली. अशी युनियन शहरात असताना तणावाच्या दिवशी तिने काय केलं, आणि विडीधंदा उतरणीला लागल्यावर तो धागा किती उरला, हा प्रश्न माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रबंधाचा कणा होऊ शकतो.

ब्रास यांच्याबरोबर एक नाव वाचलंच पाहिजे, ते म्हणजे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर. संगमेश्वर महाविद्यालयात ते राज्यशास्त्र शिकवत, 2018 साली गेले. मुस्लिम समाज एकसंध नाही, तो जातींनी, व्यवसायांनी आणि प्रदेशांनी घडलाय, आणि दख्खनच्या मुसलमानाला उत्तरेच्या चष्म्यातून पाहू नये, हे त्यांनी मराठीत सातत्याने मांडलं. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, त्यामागे जी माणसं होती त्यांत ते पुढे होते. उर्दूभोवती उत्तरेत घडलेलं राजकारण ब्रास यांनी सांगितलं. इथे मुसलमान लेखक 'मराठी ही आमची भाषा' म्हणून संमेलन भरवत होते. तुमच्या प्रबंधाची सुरुवात 1990 पासून आहे, तर ती या संमेलनापासून करा.

ओबीसी चळवळीकडेही याच नजरेने बघा. 1990च्या दशकात शब्बीर अन्सारी, विलास सोनवणे आणि बेन्नूर यांच्यासारख्यांनी मुस्लिम ओबीसींची मागणी जातीच्या आधारावर पुढे नेली, आणि शासनाने मागास मुस्लिम जातींना सवलती मान्य केल्या. 2014 साली काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारने अध्यादेश काढून 5 टक्के आरक्षणाची घोषणा मुस्लिमांसाठी केली, ते टिकलं नाही. एका मागणीत बागवान, अत्तार, मोमीन अशी नावं होती, दुसरीत 'मुस्लिम'. कुठल्या मागणीमागे कुठले पुढारी होते, आणि सरकारचे नियम कुठल्या ओळखीला दार उघडत होते, हे मांडलंत की तुम्हाला ब्रास यांचे अलिखित नियम आणि बेन्नूर यांची सामाजिक रचना एकाच पानावर दिसतील.

शेवटी कामाचं. ब्रास मतदान केंद्राच्या पातळीवर मतं वाचत. तुम्हीही विधानसभेच्या निकालांचा फॉर्म 20 मिळवा, त्यात केंद्रवार आकडे असतात. 2009, 2014, 2019 आणि 2024 असे चार तक्ते शेजारी ठेवा, आणि बेगम पेठ, साखर पेठ, नई जिंदगी, विजापूर वेस इथली केंद्रं वेगळी काढा. मतदारसंघाच्या पुनर्रचनेनंतर हद्दी बदलल्या आहेत, म्हणून 2004चे आकडे यात मिसळू नका. केंद्रांचे क्रमांकही दर निवडणुकीत बदलतात, तेव्हा शाळेच्या नावावरून जुळवा. दैनिक संचारचे आणि इतर स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक कुठे मिळतात याची चौकशी हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरू करा. मुलाखती मात्र तक्ते झाल्यावर घ्या. 'तुमच्या भागात 2009 साली ज्यांना मतं पडली त्यांना 2014 साली का पडली नाहीत?' असं नेमकं विचारलंत की माणूस नेमकं सांगतो. आणि ज्याची मुलाखत घ्याल त्याला वर्षभराने पुन्हा भेटा. ब्रास अलीगढला पुन्हा पुन्हा जात राहिले. त्यांच्या पुस्तकांतलं बरंचसं वजन त्या फेऱ्यांमुळे आलं आहे.